निळ्या कार्बनखाली

बदामाच्या झाडाखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली शिंपला.
पावतीपुस्तक, कार्बन, पैशांसाठी बिस्किटांचा डबा
आणि कागद उडू नयेत म्हणून
मेलेल्या पोवळ्याचा एक तुकडा.
अन्सेल्मोच्या बाटलीने तोडलेला, सत्त्याण्णव साली,
बाटलीत दारू नव्हे, सुरुंगाची पूड.
तो स्वतःच सांगतो. लपवत नाही.

खाली उतरायचे तीनशे पेसो,
वरून तोंड बुडवून बघायचे शंभर.
रोज कुणीतरी विचारतंच,
समुद्राला तिकीट? समुद्र काय तुमच्या बापाचा?
इतकं उघड नाही. हसून विचारतात.
मी म्हणते, बापाचा नाही,
बाप त्यात गेला, एवढंच.
मग ते गप्प राहून सुट्टे मोजतात.

पैसे कुठे जातात ते भिंतीवर लिहिलंय,
म्हणजे लिहिलं होतं, वादळाने भिंत नेली.
आता तोंडी सांगते:
गस्तीच्या होडीचं डिझेल, पिवळ्या बोयांचे दोर,
दोन राखणदारांचा तांदूळ,
शाळेच्या छपराचे पत्रे, तेही अर्धेच,
आणि पालिकेचा वाटा,
जो पुढे कुठे पोहत जातो
ते मला कळलेलं नाही.

मी स्वतः कधी खाली गेले नाही. कान दुखतात.
जे विकते ते पाहिलेलं नाही.
वर येणाऱ्यांच्या तोंडावरून ओळखते,
कपाळावर मास्कचा वळ,
आणि हात गरजेपेक्षा जास्त पसरलेले:
एवढं कासव! एवढा थवा!
काहीजण मात्र हळू बोलतात,
पाळण्यात डोकावून आल्यासारखे.
त्यांना मी शहाळ्याचे पैसे लावत नाही.

मग ते वर्ष आलं. मनिलाची विमानं थांबली.
पावती क्रमांक तीनशे बारावर
मार्च अडकून बसला.
कार्बन वाळला, डबा वाजेना,
बोयांना शेवाळ धरलं,
आणि रात्री पलीकडच्या बेटाचे दिवे
बोयांच्या आत येऊन थांबू लागले.
अन्सेल्मो वल्हवत जायचा,
अंधारात उभा राहून ओरडायचा.
ओरडायला डिझेल लागत नाही.

सप्टेंबरात एका पहाटे तो दाराशी उभा.
हातात गोब्रा, माझ्या कोपरापर्यंत लांब.
कुठला, मी विचारलं नाही.
आतलाच. बाहेर एवढा उरलाय कुठे?
"पोरं तीन दिवस नुसत्या कंदांवर आहेत,"
एवढं म्हणाला,
आणि अर्धा कापून मला देऊन गेला.

चिंच घालून शिजवला.
आईला भरवला, मी खाल्ला,
डोकंसुद्धा चोखून खाल्लं. चव सांगत नाही,
सांगितली तर पुन्हा हवी होईल.
काटे पुरले, हात धुतले, तरी वास राहिला.
मग टेबलाशी गेले,
वाळका कार्बन घातला
आणि जोर देऊन लिहिलं:
क्रमांक तीनशे तेरा.
नाव, तेओफिला.
कशाबद्दल, इथे पेन थांबलं.
'प्रवेश' लिहिलं.
रक्कम तीनशे.
बाकी.

आता माणसं परत आली आहेत.
कोरियन, जर्मन, सेबूची कॉलेजची पोरं.
कार्बन नवा आहे, निळा, बोटांना लागणारा.
महिन्याला वीस पेसो मी डब्यात टाकते,
तीनशे तेराच्या मागे पेन्सिलीने खूण करते.
एकदा अन्सेल्मोने पुस्तक चाळलं.
त्या पानावर थांबला,
बोटावर थुंकी लावली, पान उलटलं.
बोलला काहीच नाही.

तेव्हापासून हिशेब जुळत नाही.
डब्यात अधूनमधून दहाचं नाणं जास्त निघतं,
ओलं, मिठाचा पापुद्रा धरलेलं,
त्याची पावती नाही.
पालिकेचा माणूस दर तिमाहीला चष्मा सरकवून विचारतो,
हे वरचे कसले?
मी पोवळ्याखालचे कागद नीट करते.
भरतीचे, म्हणते.